शेंगीची वेळ

अक्कोळच्या माळावर, उरुसानंतरच्या रविवारी,
मला खुर्ची दिली, छत्री दिली,
आणि गळ्यात स्टॉपवॉच अडकवलं.
निपाणीच्या स्टँडमागं चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली यांनी,
वेळेला एवढा पक्का दुसरा कोण, म्हणाले.
मीही नको म्हटलं नाही.

माळावर डांबराची तीन पिंपं.
एकावर कन्नडमध्ये कुठल्या तरी खात्याचं नाव,
दुसऱ्यावर मराठीत कुणाचं तरी 'निवडून द्या',
तिसरं कोरं, जरा चेपलेलं.
पहिल्याला उजवा वेढा, पुढच्या दोघांना डावा,
मग सरळ चुन्याच्या रेघेकडं.
वरून बघितलं तर बेलाचं पान दिसेल, असं ड्रिलमास्तर म्हणाले.
वरून बघणारी एक घार होती,
तिचं लक्ष तंबाखूच्या बांधावरल्या उंदराकडं.

घोडी म्हणजे कमरेएवढी.
लोक हसायलाच आलेले.
सदलग्याच्या बसगोंडाचा टायगर
पोरांनी पाठीवर हात टेकून उभं राहावं इतका बुटका,
पण पळाला तेव्हा हसणं थांबलं:
एकतीस पूर्णांक सहा.
पिंप पाडलं तर वर पाच सेकंद दंड.
चिदानंद तेलीनं दोन पाडली
आणि गाडीतून उतरून दोन्ही स्वतःच उभी केली.

मग शमीम नालबंद.
गाडी लुनाच्या चाकांची, बसायला पाटाची फळी.
शेंगी गोकाकहून आणलेली, तिथं पोरांना फिरवायची,
तिला कन्नडच कळतं.
शमीम घरात दखनी, बाजारात मराठी,
आणि शेंगीच्या कानात 'बलक्क, बलक्क'.
खूर चहाच्या कपाएवढा.
एवढा नाल कुठं मिळणार,
बापानं बैलाची पत्री कापून, घासून ठोकलेली.

मी अंगठा दाबला. काटा निघाला.
पहिलं पिंप. धूळ. दुसरं.
इथं शेंगीनं डावा कान मागं फिरवला,
फक्त कान, मान नाही,
बाईचा पुढचा शब्द घ्यायला.
चाळीस वर्षं एका डोळ्याला भिंग लावून
मी असलंच काहीतरी बघत आलोय:
केसाएवढी स्प्रिंग, तिचं आत ओढून घेणं, सोडणं.
'एडक्क,' शमीम म्हणाली, हळू,
जशी शेजारी बसलेल्याला मीठ मागावं,
आणि शेंगी तिसऱ्या पिंपाला
अंगाला अंग न लावता वळली.

रेघ कधी ओलांडली ते मी बघितलं.
अंगठा तिथंच राहिला, वर.

'किती?' एकीकडून. 'एष्टु?' दुसरीकडून.
काटा चाळीसच्या पुढं, आपला निवांत चाललेला.
'अडकलं,' मी म्हणालो.
माळ हसला. घड्याळवाल्याचं घड्याळ अडकलं!
कुणीतरी शिट्टी घातली. मीही हसलो,
ते जास्त वाईट.

पुन्हा पळवा, ठरलं.
शेंगीच्या पोटाला फेस आलेला.
शमीमनं तिला ओंजळभर पाणी दाखवलं, पाजलं नाही.
या खेपेला अंगठा बरोबर पडला.
एकोणतीस पूर्णांक चार,
पण कोरं पिंप डगमगलं, विचार केला, आणि आडवं झालं.
चौतीस पूर्णांक चार.
स्टीलची घागर बसगोंडाला गेली.

पहिल्या खेपेची वेळ माझ्या डोक्यात आहे.
इतकी वर्षं टिकटिक ऐकल्यावर माणूस आतून मोजतोच.
सत्तावीस. फार तर साडेसत्तावीस.
पण डोक्यातला आकडा वहीत लिहीत नाहीत.

निघताना शमीम गाडीच्या जुवाची गाठ सोडत होती.
'काका, झालं का दुरुस्त?'
'होईल,' म्हणालो.
ती माझ्याकडं नाही, माझ्या अंगठ्याकडं बघत होती,
किंवा मला तसं वाटलं.
शेंगीनं माझ्या खिशाचा वास घेतला. खिशात तपकीर होती.
ती शिंकली.

रात्री दिवा ओढून मी स्टॉपवॉचचं झाकण उघडलं,
भिंग लावलं.
आत काहीही बिघडलेलं नव्हतं.
तरी एकेक चाक काढून पेट्रोलमध्ये धुतलं,
तेलाचा टिपका दिला,
आणि झाकण लावताना दोनदा हात थरथरला.